डोंगर गप्प का झाला?

शंखद्वीपावरच्या डोंगराने त्या सकाळी धूर सोडायचं थांबवलं. सगळ्या बेटाला आनंद झाला. काळजीत पडलं ते एकच माणूस, आणि ते माणूस म्हणजे जुईची आजी.

शंखद्वीप अंदमानच्या समुद्रात आहे. नकाशात शोधू नका, ते या गोष्टीपुरतंच आहे. आणि ही गोष्ट घडते ते सालही अजून उजाडायचंय. बेटाच्या मधोमध एक जिवंत ज्वालामुखी. त्याच्या उत्तरेच्या पायथ्याशी बोटी लागायचा धक्का, धक्क्याजवळ चारेकशे माणसांचं गाव, आणि गावाच्या वर थोड्या चढावर एक पांढरी, बसकी इमारत. ही होती वेधशाळा (डोंगराच्या बारीकसारीक हालचालींवर सतत नजर ठेवण्याची जागा). तिथेच राहणाऱ्या मुख्य शास्त्रज्ञ होत्या डॉ. सुगंधा कुसाळकर. अकरा वर्षांची जुई ही त्यांच्या मुलीची मुलगी. आई भरसमुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायला गेली होती, म्हणून जुई उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे आली होती.

ती आल्यापासून डोंगर रोज धूर काढत होता. कधी पांढरा, कधी राखाडी. कपडे वाळत घातले तर त्यांवर राख बसायची, आणि वारा फिरला की घशात खवखवायचं. त्या सकाळी मात्र ओसरीवर आल्याआल्या जुईला डोंगराचा माथा स्वच्छ दिसला. वर नुसतं निळं आकाश.

"आजी, धूर थांबला!" ती आनंदाने ओरडली.

आजी आधीच कठड्याशी उभी होती. हातातल्या चहावर साय धरली होती आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

खाली गावात मांदर वाजायला लागला. गावातल्या लोकांचे पणजोबा-खापरपणजोबा रांचीकडून इथे जंगलकामाला आले होते, आणि येताना त्यांनी हा लांबट ढोल आणला होता. थोड्याच वेळात गावच्या प्रधान (आपल्याकडचे सरपंच असतात तशा) मार्था टोप्पो हसत हसत चढ चढून वर आल्या.

"डॉक्टरबाई, निजला बरं का तुमचा डोंगर! दुपारी सगळ्या गावाचं जेवण आहे. नातीला घेऊन या."

"मार्थादीदी," आजी म्हणाली, "जेवण राहू द्या. गाव हलवायची तयारी ठेवा."

मार्थादीदींचं हसू मावळलं. जानेवारीत एकदा गाव हलवलं होतं. डोंगर तेव्हा भकाभका धूर ओकत होता. सगळी माणसं शेजारच्या लांबद्वीपावर शाळेत जाऊन राहिली, डोंगराने काहीही केलं नाही, आणि परत येऊन बघतात तर शेळ्या तहानेने मेलेल्या आणि रताळ्यांचे वाफे रानडुकरांनी उकरलेले.

"तेव्हा धूर होता म्हणून हलवलंत," मार्थादीदी म्हणाल्या. "आता धूर नाही म्हणून हलवता? मग डोंगराने करावं तरी काय?"

जुईलाही अगदी हाच प्रश्न पडला होता.

"आत या, सांगते," आजी म्हणाली.

स्वयंपाकघरात कुकर लावलेला होता. आजीने तिघींसाठी पाट मांडले आणि बोलायला सुरुवात केली.

"डोंगराच्या खाली खोलवर शिलारस आहे (शिलारस म्हणजे पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक). सोड्याच्या बाटलीत वायू विरघळलेला असतो ना, तसे या शिलारसातही वायू विरघळलेले असतात. पाण्याची वाफ, गंधकाचे वायू, असे कितीतरी. शिलारस वर सरकला की त्याच्यावरचं ओझं कमी होतं आणि वायू सुटे व्हायला लागतात. बाटलीचं बूच काढल्यावर सोडा फसफसतो तसे. मग ते डोंगराच्या नळीतून (शिलारस आणि वायू वर यायच्या वाटेतून) बाहेर पडतात. आपण ज्याला धूर म्हणतो तो बहुतेक हाच. वाफ, वायू आणि थोडी राख."

"मग धूर थांबला म्हणजे वायू संपले," जुई म्हणाली.

"ही झाली एक शक्यता. शिलारस निवला किंवा मागे गेला. म्हणजे कुकरखालची शेगडीच बंद झाली. पण समज, शेगडी पेटलेली आहे, डाळ शिजते आहे, आणि कुकरची शिट्टीच वाजायची थांबली. तर?"

जुई विचार करत होती तेवढ्यात मार्थादीदीच बोलल्या. "माझ्या आत्याकडे झालं होतं तसं. शिट्टीत डाळीचं टरफल अडकलेलं. झाकण उडालं आणि डाळ छताला चिकटली."

"डोंगराच्या नळीतही असं होतं. वरचा शिलारस थिजतो, त्याचा घट्ट बोळा बसतो. खालून वायू येतच राहतात, त्यांना वाट मिळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, डोंगर शांत झाला."

"पण यातलं खरं कोणतं, ते कसं कळणार?" जुईने विचारलं.

"आधी गोमला विचारू."

गोम हा एक यंत्रमानव होता, पण माणसासारखा मुळीच दिसत नव्हता. हातभर लांब, चपटा आणि दोन्ही बाजूंना पायच पाय. म्हणून आजीने त्याचं नाव गोम ठेवलं होतं, आणि मग सगळेच त्याला 'ती' म्हणू लागले. गोम आदल्या दिवसापासून विवराच्या (डोंगरमाथ्यावरच्या मोठ्या खड्ड्याच्या) आत उतरलेली होती.

आजीने टेबलावरच्या रेडिओचं बटण दाबलं. "गोम, काय दिसतंय?"

"विवराचा तळ बंद आहे," गोमचा बारीक आवाज आला. "वर नवा खडक आहे. वायू नाहीत. तळ बंद आहे एवढं मी सांगू शकते. का बंद आहे, ते सांगू शकत नाही."

"शाबास," आजी म्हणाली. मग दोघींकडे वळली. "आता एकच गोष्ट बघायची राहिली. डोंगर फुगतोय का? झोपलेला डोंगर थोडा खाली बसतो. वायू कोंडलेला डोंगर फुगतो आणि आसपासची जमीन उचलतो. उत्तरेच्या उतारावर ते मोजणारी यंत्रं होती, पण गेल्या आठवड्यात ती राखेत गाडली गेली. उपग्रह वरून मोजतो, पण तो या बेटावरून पुन्हा जायला अजून तीन दिवस आहेत."

"तुम्हाला खात्री किती आहे?" मार्थादीदींनी सरळ विचारलं.

आजीने मनात हिशेब केला. "शंभरात साठ."

"साठावर मी चारशे माणसं उठवू? एकदा उठवली आहेत डॉक्टरबाई. दुसऱ्यांदा ती माझं ऐकणार नाहीत."

मार्थादीदी उठून खाली गेल्या. आजी पडद्यावरच्या भूकंपाच्या रेघा बघत बसली. त्या रेघाही जवळजवळ सरळ होत्या.

जुईला घरात करमेना. ती धक्क्यावर गेली. धक्क्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडायचे, हा तिचा रोजचा उद्योग होता; गेले चार दिवस मात्र राखेमुळे ती इकडे आली नव्हती. बसताना मात्र जपून बसावं लागे, कारण पाण्याखालच्या पायरीला कालवं चिकटलेली होती आणि त्यांच्या शिंपल्यांच्या कडा सुरीसारख्या होत्या. पहिल्याच दिवशी तिचा अंगठा कापला होता.

आज ती बसली आणि पाय पाण्याला लागेचनात. कालवांची पायरी चक्क कोरडी होती. काही कालवं मिटलेली, काही तोंड उघडून मेलेली, आणि त्यांचा वास सुटलेला. पाणी त्यांच्याही खाली वीतभर होतं.

जवळच वाळूत पॉल तिर्की नावाचे म्हातारे नावाडी एका नव्या नावेला फळ्या ठोकत होते.

"पॉलआजोबा, ओहोटी लागली का?" जुईने विचारलं.

"छे गं. आत्ता तर भरती भरलीय पुरती," पॉलआजोबा खिळ्यावरची नजर न काढता म्हणाले.

जुई पुन्हा पायरीकडे बघत राहिली. आणि मग एकदम उठली, ती चढावरून धावतच वेधशाळेत पोचली.

"आजी, धक्क्यावरची कालवं मेलीत! भरती आहे, तरी पाणी त्यांच्यापर्यंत येत नाहीये!"

आजीची खुर्ची मागच्या मागे सरकली.

धक्क्यावर आजी गुडघे टेकून बसली आणि तिने कालवांवरून बोट फिरवलं. काय चाललंय ते बघायला मार्थादीदीही आल्या.

"घाई करायची नाही," आजी जुईला म्हणाली. "आधी आपल्यालाच प्रश्न विचारायचे. भरती दोन प्रकारची असते. उधाणाची मोठी, आणि भांगाची लहान. आज भांग असेल, तर पाणी कमी चढणारच."

"काल अमावस्या होती," मार्थादीदी म्हणाल्या. "आज उधाण आहे. पाणी उलट जास्त चढायला हवं."

"बरं. मग दुसरा प्रश्न. समुद्र खाली गेलाय, की जमीन वर आलीय?"

हे कसं ओळखायचं? जुईने खूप विचार केला. "समुद्र खाली गेला असेल, तर तो सगळीकडेच खाली गेला असेल. बादलीतलं पाणी एकाच बाजूने कमी होत नाही."

"मग?"

"मग बेटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बघायचं!"

आजीने तिच्या पाठीवर थाप मारली. मार्थादीदींनी आपली विजेवर चालणारी गाडी काढली. भरती उतरायच्या आत पोचायचं होतं, त्यामुळे खडबडीत रस्त्यावरून त्यांनी ती अशी हाणली की जुईचे दात एकमेकांवर आपटत होते. दक्षिणेच्या दीपगृहाखाली खडकांवर कालवांचा तसाच पट्टा होता, ओहोटीला उघडा पडणारा. तिघी वाकून बघायला लागल्या.

इथली कालवं पाण्याबाहेर कुठेच दिसत नव्हती. ती सगळी पाण्याखाली होती, कमरेइतक्या पाण्याखाली, उधाणात असायला हवीत तशी.

तिघी सरळ उभ्या राहिल्या. मग मार्थादीदी म्हणाल्या, "मी पोहायला शिकले ती त्या धक्क्यावर. ती कालवांची पायरी भरतीला कोरडी पडलेली मी जन्मात पाहिली नाही." त्यांनी आजीकडे बघितलं. "आता शंभरात किती?"

"नव्वद. नव्वदाच्या वर मी कधीच जात नाही."

"नव्वद पुरे," मार्थादीदी म्हणाल्या.

दुपारी चर्चची घंटा वाजायला लागली आणि वाजतच राहिली. जेवणाची पातेली उचलून थेट बोटींत ठेवली गेली. लोक कुरकुरले, भांडले, पण मार्थादीदी दारोदार फिरून एकच सांगत होत्या, "धक्क्यावर जा. पायरी बघा. आणि मग माझ्याशी भांडा." पायरी बघून आलेलं माणूस मुकाट्याने बोचकं बांधायला लागायचं. या वेळी शेळ्यासुद्धा बोटीत चढवल्या. शेवटच्या बोटीत आजी, जुई आणि पॉलआजोबा होते. पॉलआजोबांची अर्धी झालेली नाव वाळूतच राहिली होती आणि ते तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"गोमचं काय?" जुईने हळूच विचारलं.

"ती तिथेच राहील," आजी म्हणाली. "माणसाने जिथे थांबू नये तिथे थांबण्यासाठीच तिला बनवलंय. पण वाईट मलाही वाटतंय."

लांबद्वीप पंचवीस किलोमीटरवर होतं. तिथल्या शाळेत सगळ्यांनी पथाऱ्या पसरल्या. किनाऱ्यावरून शंखद्वीपाचा डोंगर स्पष्ट दिसायचा, निळा आणि निवांत. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. पोरं डोंगराकडे बघून खोटं खोटं घोरायची आणि हसायची. मोठी माणसं हसत नव्हती. आजी जवळून गेली की त्यांचं बोलणं थांबायचं.

आजी रेडिओ घेऊन किनाऱ्यावरच्या एका सुकलेल्या ओंडक्यावर बसून असायची. दुसऱ्या दिवशी दुपारी जुई तिच्याशेजारी जाऊन बसली.

"आजी, लोक तुझ्यावर रागावलेत. तू हे काम का करतेस?"

आजी हसली. "चांगला प्रश्न आहे. माझ्या आईनेही विचारला होता."

आणि मग तिने सांगितलं.

"आम्ही वडार. दगड फोडणारी माणसं. फलटणच्या बाजूला एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर आमचं पाल (कापडी तंबू) हलायचं. माझा बाप दगडावर हातोडीने टिचकी मारून कान लावायचा. आत चीर असेल तर आवाज बद्द यायचा. मला तो म्हणायचा, सुगे, दगडाला घाई नसते, आपण ऐकून घ्यायचं. खाणीवरच्या शाळेत भोइटेबाई म्हणून एक बाई होत्या. त्यांनी एकदा सांगितलं की हा काळा कातळ म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे (लाव्हा म्हणजे जमिनीच्या बाहेर आलेला शिलारस). मला खरंच वाटेना. मी धावत बापाकडे गेले आणि म्हटलं, आपण आग फोडतो? तो म्हणाला, फोडतो, पण निवलेली. त्या दिवशी मी ठरवलं की न निवलेली बघायची."

"मग बघितलीस?"

"बारा-तेरा वर्षं लागली. पुण्यात भूशास्त्र शिकले (भूशास्त्र म्हणजे जमिनीचं आणि खडकांचं शास्त्र). शिष्यवृत्ती मिळाली आणि इंडोनेशियात गेले. तिथे पहिल्यांदा लाल लाव्हा पाहिला. अगदी हळू येत होता, घट्ट काकवीसारखा, आणि वरची साल थंड होऊन खळखळ फुटत होती. माझ्या बुटांचे तळ मऊ पडले तरी मला हलावंसं वाटेना. मला बाप आठवत होता. त्याने आयुष्यभर जे फोडलं, ते असं वाहत होतं."

जुई डोळे मोठे करून ऐकत होती.

"लोकांना वाटतं, ज्वालामुखीतज्ज्ञ म्हणजे आगीशेजारी उभं राहणारं माणूस. तसं दोन-चार दिवसच असतं. बाकी सगळी वर्षं मोजण्यात जातात. हादरे मोजा, वायू मोजा, डोंगराची उंची मोजा, उद्या परत मोजा. तंबूत राहायचं आणि भातातली राख निवडायची. मी कधी इटलीत, कधी आइसलंडमध्ये. तुझे आजोबा फलटणला शाळेत शिकवायचे. तुझ्या आईच्या वेण्या त्यांनीच घातल्या."

आजीने हातातला रेडिओ बाजूला ठेवला.

"रिनी नावाची माझी मैत्रीण होती. आम्ही एकाच वेळी शिकायला लागलो. एका डोंगरावर आम्ही पाळीपाळीने मोजायला जायचो. एके दिवशी त्या डोंगराचा धूर थांबला. सगळे म्हणाले, चला, झोपला. तेव्हा कुणालाच दुसरी शक्यता नीट माहीत नव्हती, आमच्या सरांनाही नाही. खालची माणसं शेतात परतली. रिनी वर यंत्रं बघायला गेली. त्या दुपारी डोंगर फुटला."

जुईने आजीचा हात धरला.

"त्यानंतर मी तीस वर्षं हा एकच प्रश्न घेऊन बसलेय," आजी म्हणाली. "डोंगर गप्प झाला, तर तो निजलाय की त्याने श्वास कोंडलाय? लोक रागावले तर रागावू देत. रागावलेली माणसं जिवंत असतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गडबड ऐकू आली. पॉलआजोबा आणि आणखी पाच-सहा जण एक बोट पाण्यात ढकलत होते.

"पुरे झालं!" पॉलआजोबा ओरडत होते. "तिकडे माझी नाव उन्हात तडकतेय. ही लाकडं मिळवायला मला दोन वर्षं लागलीत. तो डोंगर बघा, लेकरासारखा झोपलाय. आम्ही चाललो."

मार्थादीदींनी त्यांना अडवून पाहिलं. ते ऐकेनात. आजी शांतपणे चालत आली, साडी खोचली, पाण्यात उतरली आणि बोटीत चढून बसली.

"हे काय?" पॉलआजोबा गोंधळले.

"तुम्हाला अडवायचा मला हक्क नाही, पॉलदादा. तुमचं घर, तुमची नाव. तुम्ही जाणार असाल तर मीही येते. तिथली यंत्रं राखेत गाडली गेलीत, ती कुणीतरी उकरायला हवीतच."

"आणि डोंगर फुटला म्हणजे?"

"मग आपण सगळे तिथेच असू."

जुई धावत पाण्यात शिरली आणि तिने बोटीची कड घट्ट धरली. पॉलआजोबांनी एकदा आजीकडे बघितलं, एकदा जुईकडे. वल्हं त्यांच्या हातात होतं. शेवटी त्यांनी ते वल्हं बोटीत आदळलं.

"वेडी बाई आहेस तू!" ते म्हणाले. "पोरीच्या आजीला घेऊन मी तिकडे मरायला जाणार नाही. उतर खाली. दुपारपर्यंत थांबतो. दुपारनंतर मात्र कुणाच्या बापाचं ऐकणार नाही."

आजी उतरली. बोट पुन्हा वाळूवर ओढली गेली.

ऊन डोक्यावर यायच्या आधीच रेडिओ खरखरला.

"हादरे," गोमचा आवाज आला. "लहान. आता मोठे. तळाला चीर पडली आहे. चीर रुंद होत आहे. वायू..."

पुढे काहीच ऐकू आलं नाही.

"सगळे टेकडीवर!" आजी ओरडली. "किनाऱ्यावर कुणी थांबू नका. समुद्रात लाटा उठतील. चला, चला!"

माणसं पोराबाळांना घेऊन शाळेमागच्या टेकडीवर पळाली. वर पोचून जुईने मागे वळून पाहिलं. डोंगराच्या माथ्यातून एक काळा खांब वर येत होता. तो फुगत होता, वळत होता, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा पसरत होता, आणि हे सगळं अगदी निःशब्द चाललं होतं. तिला वाटलं आपले कान बंद झालेत.

"आवाज अजून वाटेवर आहे," आजी तिला जवळ घेत म्हणाली. "प्रकाश लगेच पोचतो. आवाजाला इतकं अंतर यायला मिनिटभर लागतं. कान झाक."

जुईने कान झाकले आणि तेवढ्यात तो आवाज आला. तिला तो कानांत कमी आणि छातीत जास्त जाणवला. शाळेच्या पत्र्यांचा थरकाप झाला. शेळ्या ओरडायला लागल्या. थोड्या वेळाने लाटा आल्या. त्या फार मोठ्या नव्हत्या, पण किनाऱ्यावरच्या तीन बोटी त्यांनी काडीसारख्या उचलून नेल्या. त्यातली एक सकाळचीच होती.

शंखद्वीपाची उत्तरेची बाजू काळ्या ढगाखाली दिसेनाशी झाली. जिथे गाव होतं, जिथे धक्का होता, तिथे आता काहीच दिसत नव्हतं.

मार्थादीदी माणसं मोजायला लागल्या. घराघरांची नावं घेऊन त्यांनी एकदा मोजलं. मग रडतरडत पुन्हा मोजलं. मग दोन्ही हात वर करून त्या ओरडल्या, "सगळे आहेत! एकूणएक आहेत!"

कुणीतरी हसायला लागलं आणि हसणाराच रडायला लागला. माणसं ओळखीच्या-बिनओळखीच्या गळ्यात पडत होती. ज्याने-त्याने आपली पोरं पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली. आजी होती तिथेच मटकन खाली बसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

"आजी, तुला बरं वाटत नाहीये का?" जुईने घाबरून विचारलं.

"छे गं. इतकं बरं मला तीस वर्षांत वाटलं नव्हतं."

पॉलआजोबा एक शहाळं घेऊन आले. त्यांनी ते आजीच्या हातात दिलं आणि शेजारी बसले.

"माझी नाव गेली," ते म्हणाले. "पण मी इथे बसलोय."

"तुम्ही बसलाय, पॉलदादा," आजी म्हणाली. "नाव परत करता येते."

संध्याकाळी दोघीच असताना जुईने विचारलं, "आजी, तू खरंच गेली असतीस त्यांच्याबरोबर?"

"पॉलदादा मला घेऊन जाणार नाहीत, याची मला खात्री होती."

"शंभरात नव्वद?"

"तिथे मात्र शंभरात शंभर," आजी म्हणाली आणि शाळेच्या भिंतीला टेकल्याटेकल्याच घोरायला लागली. मोठी माणसं मुलांना गप्प करत म्हणाली, हळू बोला, डॉक्टरबाई झोपल्यात.

दिवाळीच्या सुट्टीत जुई पुन्हा शंखद्वीपावर गेली. या वेळी आईही बरोबर होती. पावसाने बरीचशी राख धुऊन नेली होती. जुनं गाव लाव्ह्याखाली गेलं होतं, पण दक्षिणेला दीपगृहाजवळ नवी घरं उभी राहत होती आणि पहिली इमारत शाळेची होती. राखेत मिसळलेल्या मातीत रताळी अशी फोफावली होती की मार्थादीदी प्रत्येक आल्यागेल्याला ती दाखवत होत्या. ज्वालामुखीच्या राखेत झाडांना लागणारी कितीतरी द्रव्यं असतात, त्यामुळे माणसं अशा डोंगरांजवळ पुन्हा पुन्हा राहायला येतात, असं आजीने समजावलं. दीपगृहातल्या नव्या वेधशाळेत आता गावातल्या चार तरुण मुली-मुलांना मोजणं शिकवलं जात होतं. पुढे अंदमानातल्याच नव्हे, तर इंडोनेशियातल्या बेटांवरही हीच मुलं जाणार होती, आणि तिथल्या मुलांना शिकवणार होती.

आजी जुईला उत्तरेला घेऊन गेली. जिथे समुद्र होता, तिथे आता काळी, सुरकुतलेली जमीन होती. लाव्हा वाहत येऊन पाण्यात थिजला होता आणि बेट तेवढं मोठं झालं होतं. एका भेगेत नेच्याचं इवलंसं हिरवं पान वर आलं होतं. जुईने खाली बसून दगडावर हात ठेवला. अजून किंचित ऊब होती.

"आजी, हा दगड माझ्यापेक्षा लहान आहे!"

आजीही तिच्याशेजारी खाली बसली. इतकी वर्षं दगडांत घालवूनही हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"खरंच की," ती म्हणाली. "मग तू याची ताई झालीस. धाकट्यांवर लक्ष ठेवायचं असतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," जुई म्हणाली, आणि तिने हात तसाच राहू दिला.